आठवड्यांचा हिशेब

मागच्या अंकात मी माझ्या टेनिसबद्दल लिहिलं होतं. सांगलीत मातीच्या कोर्टावर केलेली सुरुवात, २००८ ते २०१५ अशी सात वर्षं व्यावसायिक स्पर्धा, एटीपी या पुरुषांच्या टेनिस संघटनेच्या क्रमवारीत सगळ्यात वर गेलो तो ६४१पर्यंत, आणि आता पुण्यात मुलांना शिकवतो, असा तो लेख होता. त्यावर इतकी पत्रं आली की सगळ्यांना लिहिणं जमणार नाही. सहा निवडली. बाकीच्यांचे प्रश्नही फिरून याच सहांपाशी येतात. नावं कुणाचीच देत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. अठरा वर्षांखालच्या राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या तिसांत असतो. कोच म्हणतात, बारावी झाली की थेट प्रो व्हायचं. यजमान राहता फ्लॅट गहाण ठेवायला तयार आहेत. वर्षाला खर्च किती येतो आणि तो वसूल कधी होतो? (एक आई, नाशिक)

ताई, फ्लॅट गहाण ठेवू नका. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं वाचताना तुमचा जीव त्यातच अडकलेला असणार.

टेनिसमध्ये पगार नसतो. खेळाडू स्वतःच्या पैशाने जातो, स्वतःच्या पैशाने राहतो आणि जिंकला तर बक्षीस घेऊन येतो. सगळ्यात खालच्या पायरीवरची पुरुषांची स्पर्धा आज १५,००० डॉलरची असते. ही रक्कम अख्ख्या स्पर्धेची, एकेरी आणि दुहेरी मिळून. मुख्य ड्रॉमध्ये पहिल्या फेरीत हरलं तर १५६ डॉलर, म्हणजे तेरा हजारांच्या आसपास, त्यातूनही कर कापला जातो. पाच सामने जिंकून स्पर्धा मारली तर २,१६० डॉलर. माझ्या वेळी ही स्पर्धा, तेव्हा तिला फ्युचर्स म्हणायचे, १०,००० डॉलरची होती, पहिल्या फेरीचे ११७ डॉलर ५० सेंट मिळायचे. २०१७मध्ये रक्कम वाढली. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मुख्य ड्रॉत शिरण्यासाठीच्या फेऱ्यांत, हरलं तर तेव्हाही हात हलवत परत यायचं.

आता खर्चाकडे या. नाव द्यायचं ते स्पर्धेच्या आठवड्याआधी अठरा दिवस, गुरुवारी. यादी लागते, मग वरचे लोक नावं काढून घेतात, तसतसे आपण वर सरकतो. त्यामुळे तिकीट स्वस्त असतं तेव्हा जायचं की नाही हे ठरलेलं नसतं, आणि ठरतं तेव्हा तिकीट महागलेलं असतं. परतीचं तर विचारूच नका. क्वालिफाइंगमध्येच बाहेर पडणार की शेवटच्या दिवशी फायनल खेळणार, हे माहीत नसताना तारीख कुठली टाकणार? तुर्कस्तानात अंताल्या, इजिप्तमध्ये शर्म अल शेख, ट्युनिशियात मोनास्तिर, या ठिकाणी ओळीने आठवड्यामागून आठवडे स्पर्धा होतात. आपली मुलं तिथे जातात ती त्यासाठी. एका विमान तिकिटात चार-पाच स्पर्धा होतात. पण मुक्काम ठरलेल्या हॉटेलात, आणि हरल्यावरही पुढच्या स्पर्धेपर्यंत बिल चालूच.

२०१३ सालचा हिशेब आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने स्वतः मांडला होता. त्या वर्षी ८,८७४ पुरुष आणि ४,८६२ महिला व्यावसायिक स्पर्धांत उतरल्या. पुरुष खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ३८,८०० डॉलर निघाला, आणि त्यात कोचचे पैसे धरलेले नव्हते. जमाखर्चाची तोंडमिळवणी होत होती ती पुरुषांत ३३६व्या क्रमांकाच्या आसपास, महिलांत २५३व्या.

माझंच २०१३ सांगतो. बावीस आठवडे खेळलो. बक्षिसं मिळून ४,१०० डॉलर, तेव्हाच्या भावाने अडीच लाखांच्या आत. खर्च चौदा लाखांच्या वर, तोही कोच न नेता आणि खोलीत दोघं-तिघं राहून. मधली रक्कम कुठून आली? वडिलांच्या पीएफमधून आणि मोठ्या बहिणीच्या पगारातून. ताईचं लग्न त्यापायी दोन वर्षं पुढे गेलं. तिने ते एकदाही बोलून दाखवलं नाही. मला आईकडून कळलं, मी खेळणं सोडल्यावर. म्हणून तुमच्या पत्राला पहिलं वाक्य ते लिहिलं.

तुम्ही पत्रात पुढे सुमित नागलचं नाव घेतलंय. २०२३च्या सप्टेंबरात तो देशातला एक नंबरचा एकेरी खेळाडू होता आणि त्याने पीटीआय वृत्तसंस्थेला उघड सांगितलं होतं की खात्यात जेमतेम ९०० युरो शिल्लक आहेत. दौऱ्यांवर वर्षाला कोटभर रुपये जातात, आणि बक्षिसं, इंडियन ऑइलचा पगार, महा टेनिस फाउंडेशनची मदत हे सगळं त्यातच संपतं, असं त्याचं म्हणणं होतं. चार महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनला क्वालिफाइंगमधून येऊन त्याने एकतिसाव्या मानांकित बुब्लिकला हरवलं आणि दुसऱ्या फेरीचे एक लाख ऐंशी हजार ऑस्ट्रेलियन डॉलर कमावले. लोकांना तो एक सामना आठवतो. मला त्याच्या आधीचे आठवडे दिसतात, जे कुणीतरी भागवले म्हणून तो मेलबर्नला पोचला.

२०२४पासून एटीपीने एक चांगली गोष्ट केली. पहिल्या शंभरातल्या खेळाडूला वर्षाला ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ला दीड लाख, १७६ ते २५०ला ७५ हजार, इतक्या कमाईची हमी त्या वर्षासाठी दिली. कमी पडलं तर वरचे पैसे संघटना भरते. म्हणजे २५०च्या आत गेलं तर पायाखाली जमीन आहे. त्याच्या बाहेर अजून नाही, आणि तुमचा मुलगा पहिली काही वर्षं बाहेरच असणार.

म्हणून हिशेब वर्षांचा करू नका, आठवड्यांचा करा. घर न विकता, दागिने न मोडता, कुणाचं लग्न न अडवता तुम्ही किती आठवडे देऊ शकता? समजा दोन वर्षांत चाळीस. ते कागदावर लिहा, मुलाला समोर बसवून. पहिले पंधरा भारतातल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धांना द्या, रेल्वेने जाता येतं, भाजी-पोळी मिळते, नातलग निघतात. त्याआधी त्याला देशातल्या पुरुषांच्या बक्षिसांच्या स्पर्धांत उतरवा. ज्युनियरमध्ये तिसावा असणं आणि अठ्ठावीस वर्षांच्या बाप्याकडून तिसऱ्या सेटमध्ये एक गेम ओढून काढणं यात फार अंतर आहे. ते अंतर घराजवळ कळलेलं स्वस्त पडतं. चाळीस आठवडे संपले की पुन्हा बसा. आणि बारावीनंतर कॉलेजात नाव घालून ठेवा, बाहेरून परीक्षा देता येईल असं.

वसुलीचं विचारलंत. पैसे वसूल होतील असं धरून एकही रुपया घालू नका. मुलाचं शिक्षण म्हणून घालता येतील तेवढेच घाला.

प्रश्न : आमच्या क्लबात फ्युचर्स खेळून आलेला एक दादा नॉकिंगला येतो. त्याचे फटके आणि टीव्हीवरच्यांचे फटके मला सारखेच दिसतात. मग तो पहिल्या शंभरात का नाही? (अकरावीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

तुझे डोळे चांगले आहेत. नॉकिंगमध्ये, म्हणजे गुण न मोजता नुसते चेंडू मारताना, फरक दिसतच नाही.

मला तो कुठे दिसला ते सांगतो. चेन्नई ओपन व्हायची तेव्हा एका जानेवारीत मला नुंगमबक्कमला हिटिंग पार्टनर म्हणून बोलावलं होतं. पन्नाशीतल्या क्रमांकाचा एक युरोपियन खेळाडू, त्याला चाळीस मिनिटं चेंडू द्यायचे. पहिली वीस मिनिटं मीही त्याच्याइतकाच जोरात मारत होतो, मनातून खूश होतो. मग तो म्हणाला, मला फक्त दुसरी सर्व्हिस (पहिली चुकल्यावर करतात ती) टाक, बॅकहँडवर. मी टाकत गेलो. त्याने ओळीने सगळ्या माझ्या डाव्या पायाच्या बुटापाशी आणून ठेवल्या. कंटाळला नाही, सुसाट मारून बघितलं नाही. नंतर त्याने सर्व्हिस केली आणि मी रिटर्न. मनातल्या मनात ३०-३०, म्हणजे बरोबरीचा गुणफलक, धरून टाकतोय असं म्हणाला. त्याच्या दुसऱ्या सर्व्हिसला तेवढीच उसळी, तेवढाच वेग. माझी दुसरी सर्व्हिस ४०-०ला एक असायची आणि ३०-३०ला वेगळीच, हात आखडायचा. वर्षभर रोज तेच करायचं आणि हात आखडू द्यायचा नाही, हे त्या माणसाला येत होतं.

दुसरी गोष्ट कोर्टाच्या बाहेर होती. त्याचा कोच मागे उभा, फिजिओ बाकावर, आणि गटिंग करून, म्हणजे नव्या तारा बसवून, आलेल्या सहा रॅकेट प्लास्टिकच्या पिशव्यांत. माझ्या रॅकेटचं गटिंग मी आदल्या रात्री अकरा वाजता स्वतः केलं होतं.

त्या गटिंगबद्दल थोडं लिहू दे, कारण हा तुझ्या दादाच्याही आयुष्याचा भाग असणार. माझ्याकडे टेबलावर ठेवायचं छोटं मशीन होतं, वजनाची दांडी असलेलं, नऊ किलोचं. सामानात तेच सगळ्यात जड. दोनशे मीटरचं रीळ घेतलं की सोळा रॅकेट निघतात, सुटी पाकिटं घेण्यापेक्षा खूप स्वस्त. रॅकेट अडकवायची, सोळा उभ्या तारा आधी. दर तारेला दांडी खाली सोडायची, ती आडवी स्थिर झाली की क्लँप लावायचा, पुढची तार. मग एकोणीस आडव्या, एक वरून एक खालून. बोटांच्या पेरांना चिरा पडतात, त्यात पॉलिएस्टरची तार ओढली की मीठ चोळल्यासारखं होतं. एका रॅकेटला पाऊण तास. मी इतरांच्याही करून द्यायचो, एकीचे पाच युरो. संध्याकाळी चार रॅकेट आल्या तर त्या दिवसाचं जेवण निघायचं, पण झोप एक वाजता, आणि सामना सकाळी नऊला.

तुझ्या दादाला विचार, तो गटिंग कुठे करतो. आणि शक्य असेल तर त्याला दुसऱ्या सर्व्हिसवर रिटर्न टाकत बस अर्धा तास. त्याला ते नॉकिंगपेक्षा जास्त हवं असेल.

प्रश्न : तुमचा लेख आवडला, पण ६४१व्या क्रमांकाच्या खेळाडूने स्वतःला व्यावसायिक म्हणवून घ्यावं का? क्रिकेटमध्ये देशातला सहाशेवा कोण, हे कुणाला ठाऊकही नसतं. (एक ज्येष्ठ वाचक, दादर)

काका, ६४१ हा देशातला नाही, जगातला आहे.

पण आकडा बाजूला ठेवतो. क्वालिफाइंगच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना आमच्या खुर्चीवर पंच नसायचा. बॉलबॉय नसायचे, आपले चेंडू आपणच गोळा करायचे. आपल्या बाजूच्या रेषा आपणच पुकारायच्या. एक सुपरवायझर पाच-सहा कोर्टांवर फिरत असायचा. २०११मध्ये अशाच एका सामन्यात तिसऱ्या सेटला माझा मॅच पॉइंट होता. समोरच्याचा चेंडू रेषेजवळ पडला, मी आऊट म्हणून हात वर केला आणि मग मातीवरची खूण बघितली. खूण रेषेला चिकटलेली होती, केसाएवढी. तो नेटच्या पलीकडे होता, त्याला दिसणं शक्य नव्हतं. मी खूण पायाने पुसली नाही. चेंडू आत आहे म्हणालो आणि नियमाने पॉइंट त्याला गेला. तो सामना मी हरलो. समोरचाही पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाशी तसाच वागताना मी पाहिला. कुणी बघत नसताना ज्या धंद्यात हे रोज चालतं, त्याला मी व्यवसाय म्हणतो, आणि त्यात मी सात वर्षं होतो.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची आहे. सोलापुरात महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा बघितल्यापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. अमेरिकेत स्कॉलरशिपवर शिकून खेळता येतं असं ऐकतो. त्यात खेळायचं वय वाया जातं का? (एक वडील, सोलापूर)

दादा, वाया जात नाही. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात होता, तिथे २००७ आणि २००८ला एकेरीचं एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांमधलं, विजेतेपद घेतलं, आणि मग क्रमवारीत ६२पर्यंत गेला. आपल्या जवळची उदाहरणं बघा. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एममध्ये शिकली आणि २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला होता, २०२४ला त्याने रित्विक बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीला एटीपी दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. उलट अंकिता रैना अमेरिकेला गेली नाही. अहमदाबादहून लहान वयात पुण्याला आली, हेमंत बेंद्रे सरांकडे राबली आणि १६०पर्यंत पोचली. दोन्ही वाटा चालतात.

मला कॉलेजची वाट का पटते ते सांगतो. तिथे बूट, गटिंग, फिजिओ, प्रवास, जेवण सगळं विद्यापीठ बघतं, आणि आठवड्याला चांगले सामने मिळतात. मी बुटाच्या पुढच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून दोन-दोन महिने काढायचो, सर्व्हिस करताना मागचा पाय घासून तिथेच भोक पडतं. तुमच्या मुलीला हे करावं लागणार नाही, आणि हरली तरी हातात पदवी असेल.

तीन गोष्टी आतापासून सांभाळा. दहावी-अकरावीचे गुण पडू देऊ नका, प्रशिक्षक ते विचारतातच. बक्षिसाची रक्कम मिळाली तर तिची आणि प्रवासखर्चाची पावती न पावती जपा, कारण त्याबद्दलचे नियम आहेत. आणि बारावीनंतर वर्षभर स्पर्धा खेळून मग जाऊ असं करू नका, त्याने तिथे खेळायची वर्षं कमी होऊ शकतात. स्कॉलरशिपची पद्धत २०२५पासून बदलली आहे. पूर्वी मुलींच्या संघाला आठ आणि मुलांच्या संघाला साडेचार अशी मर्यादा होती, आता विद्यापीठागणिक वेगळं असू शकतं. जे काही देणार ते लेखी मागा, चार वर्षांचं. मधल्या दलालांना लाखो रुपये देण्याची गरज नाही. प्रशिक्षकांचे ईमेल विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतात. सामन्याचा न कापलेला व्हिडिओ जोडून मुलीनेच लिहावं.

प्रश्न : माझं नाव-गाव देऊ नका. गेल्या महिन्यात परदेशात स्पर्धेत असताना इन्स्टाग्रामवर निरोप आला. दुसरा सेट सोड, मॅच जिंकलास तरी चालेल. रक्कम मला वर्षात मिळते त्याहून जास्त होती. मी उत्तर दिलं नाही. आता मी काय करू?

उत्तर दिलं नाहीस हे बरं केलंस, पण तेवढ्यावर सुटका नाही. असा निरोप आल्यावर कळवणं हा नियम आहे आणि न कळवणं हाच गुन्हा धरला जातो, पैसे घेतले नसले तरी. म्हणून हा अंक हातात पडेल त्या दिवशी, मी तर म्हणतो त्या तासाला, मॅच-फिक्सिंगची चौकशी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय टेनिस इंटिग्रिटी एजन्सीला कळव. निरोप पुसू नकोस. स्क्रीनशॉट काढ, खात्याचं नाव, तारीख, वेळ सगळं दिसू दे. महिना उशीर झालाय तर तेही खरं सांग, घाबरलो होतो म्हणून.

मी हे का इतक्या ठामपणे लिहितोय? २०१३मध्ये मला फेसबुकवर असाच निरोप आला होता. दोन हजार युरो. अख्खी स्पर्धा जिंकली असती तर मला १,३०० डॉलर मिळाले असते. मी नाही म्हणायचं हे पहिल्या मिनिटाला ठरवलं होतं, पण कळवायला चार दिवस लावले. त्या चार दिवसांत मला विचित्र लाज वाटत होती, जणू मीच काहीतरी केलंय. मलाच का विचारलं, माझ्या वागण्यात काय दिसलं, हेच डोक्यात. खोलीतल्या मित्रालाही सांगितलं नाही. शेवटी कळवलं तेव्हा पलीकडच्या माणसाने शांतपणे चार प्रश्न विचारले आणि आभार मानले. संपलं. तुझ्यात काहीही दिसलेलं नाही. ते लोक यादी घेऊन बसतात आणि सगळ्यांना पाठवतात.

आणि यात तुझ्याएवढीच मोठ्यांची जबाबदारी आहे, ते मी लिहिणारच. २०१२पासून आंतरराष्ट्रीय महासंघ या लहान स्पर्धांचा थेट गुणफलक विकायला लागला, आणि २०१५च्या नव्या करारात त्याचे पाच वर्षांचे ७ कोटी डॉलर ठरले. पंचाच्या हातातल्या यंत्रावर पॉइंट नोंदला की तो जगभरच्या सट्टेवाल्यांपर्यंत. रिकाम्या कोर्टावर ११७ डॉलरसाठी खेळणाऱ्या मुलाच्या प्रत्येक पॉइंटवर पैसा लागायला लागला. २०१८मध्ये स्वतंत्र समितीने टेनिसमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करून अहवाल दिला, त्यात खालच्या स्तरावरच्या परिस्थितीला त्सुनामी हा शब्द वापरलाय, आणि या विक्रीकडेही बोट दाखवलंय. ज्याच्या घामावर ती माहिती विकली जाते त्याला पोटापुरतं तरी मिळायला हवं, हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. तू ते पैसे नाकारलेस. तुला वर्षाला त्याहून कमी मिळतं हे माहीत असताना नाकारलेस. मला तुझा फार अभिमान वाटतो.

हरल्यावर सट्टा बुडालेल्यांचे घाणेरडे निरोप येतील, आईवरून, बहिणीवरून. स्पर्धेच्या आठवड्यात अनोळखी निरोप बंद करून ठेव. आणि एका माणसाला आजच सांग, कोच, भाऊ, कुणीही. पोटात ठेवू नकोस.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी ५८०च्या जवळ होतो, आता ९००च्या पुढे. खांदा दुखतो. थांबायचं कधी हे तुम्हाला कसं कळलं? (एक खेळाडू, पुणे)

वयावरून ठरवू नकोस. प्रज्ञेश गुणेश्वरनची गुडघ्याच्या दुखण्यात वर्षंच्या वर्षं गेली, आणि तो पहिल्या शंभरात आला एकोणतिसाव्या वर्षी, २०१९मध्ये, पुढे ७५पर्यंत. क्रमांकावरूनही ठरवू नकोस. २०१९च्या सुरुवातीला नियम बदलून खालच्या स्पर्धांत मिळणारे एटीपी क्रमवारीचे पॉइंट जवळजवळ बंद केले, शेकडो खेळाडू रातोरात क्रमवारीतून गायब झाले, आणि ऑगस्टात ते परत द्यायला लागले. मधल्या काळात थांबलेली मुलं मला माहीत आहेत, चांगली मुलं.

माझं कसं झालं ते सांगतो. २००९मध्ये क्रमवारीचा पहिला पॉइंट मिळाला तेव्हा क्वालिफाइंगचे तीन सामने जिंकून मग मुख्य ड्रॉची पहिली फेरी जिंकलो होतो. एक पॉइंट, दोनशे डॉलर. फ्युचर्सचे पॉइंट तेव्हा एक आठवडा उशिरा चढायचे. तो आठवडाभर मी रोज झोपताना पुढच्या सोमवारचा विचार करायचो. सोमवारी सायबर कॅफेत जाऊन खाली-खाली जात नाव शोधलं, चौदाशेच्या पुढे कुठेतरी. कॅफेवाल्याला दाखवलं, त्याने प्रिंट काढून दिली, पैसे घेतले नाहीत. ती प्रिंट आईने देवघराच्या कपाटात ठेवली आहे.

२०१५च्या मार्चमध्ये अंताल्याला होतो. क्वालिफाइंगचं साइन-इन शुक्रवारी संध्याकाळी चार ते सहा, प्रत्यक्ष हजर राहून वहीत सही करायची. रांगेत माझ्यापुढे आपल्याकडचाच एक अठरा वर्षांचा मुलगा होता, पहिलाच परदेश दौरा. त्याच्या तीनपैकी दोन रॅकेटच्या तारा तुटलेल्या. रात्री मी त्या करून दिल्या. तो समोर पलंगावर बसून बघत होता, मी त्याला डावखुऱ्याला रिटर्न कुठे उभं राहून घ्यायचा ते सांगत होतो, कारण सकाळी त्याला डावखुरा होता. दुसऱ्या दिवशी त्याचा सामना नऊला, माझा अकराला. मी साडेदहापर्यंत त्याच्या जाळीला धरून उभा होतो. वॉर्म-अप राहिला, खाल्लं नाही, पट्ट्या बांधल्या नाहीत, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. तो ६-४, ६-४ हरला, पण दुसऱ्या सेटमध्ये दोनदा त्याने पाऊल आत टाकून रिटर्न घेतला, रात्री सांगितला होता तसा. मी माझ्या कोर्टावर गेलो आणि हरलो. संध्याकाळी बहिणीला फोन केला, म्हटलं परत येतोय, आणि नोकरी बघतोय.

गटिंगचं मशीन त्या मुलाला देऊन आलो.

तुझ्याबाबतीत असा दिवस आलाय का, ते तुलाच माहीत. पण दुखऱ्या खांद्याने हा निर्णय घेऊ नकोस, दुखणं माणसाला खोटं बोलायला लावतं. आधी एमआरआय कर. डॉक्टरांनी सहा महिने किंवा जास्त थांबायला सांगितलं तर संरक्षित क्रमांकाचे, म्हणजे दुखापतीनंतर परतताना जुना क्रमांक वापरू देण्याचे, नियम वाच आणि वेळेत अर्ज कर. तो क्रमांक दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो, त्यामुळे थांबायला उशीर केलास तर आणखी पॉइंट गळतील. ९००वर त्याचा उपयोग थोडाच, पण क्वालिफाइंगच्या यादीत जागा मिळायला पुरू शकतो. त्या सहा महिन्यांत सकाळी माझ्याकडे कोर्टावर ये. चौदा वर्षांखालची आठ मुलं आहेत, त्यांना तुझ्यासारख्याने डाव्या हाताने का होईना चेंडू टाकलेले हवे आहेत, आणि महिन्याचे पैसे मी देईन. रिपोर्ट आला की मासिकाच्या पत्त्यावर लिही, ते मला पाठवतात.